दाराजवळचं बटण

वहिनी : कारखान्यातला हा इंग्रजी जबाब परत वाचा, बाई. आता यांच्या बहिणीसमोर वाचा. खाली सही वन्संचीच आहे.

बाई : 'मी कटिंगच्या टेबलाशी उभी होते. टेबलाला बटण आहे. धिस स्विच वॉज प्रेस्ड.' म्हणजे, हे बटण दाबलं गेलं आणि रोलर फिरला.

वहिनी : ऐकलंत, वन्सं? हे आत वाकून रोलर पुसत होते आणि तुम्ही बटण दाबलंत, म्हणून हे गेले. वर महिनाभर माझ्याच गळ्यात पडून रडलात!

नणंद : मी 'हे' म्हटलंच नव्हतं. 'ते बटण' म्हटलं होतं. बटणं दोन आहेत, बाई. एक माझ्या टेबलाला, दुसरं पार तिकडे, दाराजवळ.

बाई : मग इथे दॅट हवं होतं. दॅट म्हणजे लांबचं. धिस म्हणजे जवळचं, हाताशी असलेलं.

वहिनी : एवढ्याशा शब्दानं काय होतंय?

बाई : धिस म्हटलं की बटण हिच्या हाताशी येतं. आणि टेबलाशी ही एकटीच होती.

नणंद : तरीच मला कामावरून काढलं.

बाई : अहो, न विचारता सही कशी केलीत?

नणंद : मला कुठे इंग्रजी येतं? मी बोलत गेले, ते साहेबांना इंग्रजीत सांगत गेले.

वहिनी : ते कोण?

नणंद : जाऊ द्या ना, वहिनी.

वहिनी : कोण?

नणंद : मुकादम.

(वहिनी बाईंच्या हातातला कागद ओढून घेते.)

बाई : काय झालं? कोण हा मुकादम?

वहिनी : माझा धाकटा भाऊ. वन्सं, दाराजवळ तोच होता?

नणंद : आत कोणी आहे का ते बघायचं राहिलं त्यांच्याकडून. मुद्दाम नाही केलं. मी नाव घेतलं नाही. माहेरचं म्हणून तुम्हाला तेवढंच एक माणूस उरलंय.

वहिनी : बटण चुकून दाबलं असेल. शब्द चुकून नाही पडला. लहानपणी त्याची इंग्रजी स्पेलिंगं मीच घोकून घ्यायचे, मला एक अक्षर कळत नसताना.

बाई : दुरुस्तीचा अर्ज देता येईल. पण दाराशी कोण होतं, हे विचारतीलच.

नणंद : मग नको. मी शोधीन दुसरं काम.

वहिनी : लिहा, बाई. नाव मी सांगते.