बाळापूर मार्क वन

बाहुले! बाहुले म्हनला थो मानूस माह्या कामाले! अन् कुठं म्हनला? मोर्शीले, पोरीच्या बापासमोर, माह्यासाठी पोरगी पाहाले गेलो असतानी! तुमाले सांगतो राजेहो, मी पाच वर्सांपासून अमरावतीत घरी बसून पुन्याच्या कंपनीसाठी कॉम्प्युटरच्या खेळातले रोबो काढतो, रनगाडे काढतो, मशिनीचे राक्षस काढतो... अन् आमचे भाऊजी, म्हंजे साधनाताईचे मालक, बाळापूरचे उद्धवराव, चिवड्याचा बकाना भरून म्हनतात, "कायचं काम अन् कायचं काय! दिवसभर बरमुड्यावर बसते अन् बाहुले काढते." संपलं! पोरीचे बाबा देवमनजी, संत्र्याच्या बगीच्याचे मालक, त्याईनं एकडाव माह्याकडं पायलं, एकडाव पोरीकडं पायलं, अन् म्हनले, "कयवतो." कयवतो म्हंजे काय, हे काय तुमाले सांगाव लागते? अन् मंजुषानं, म्हंजे पोरीनं, उठता उठता माह्याकडं असं पायलं, असं पायलं, का मी चार महिने धड झोपलो नाई!

काहून म्हनले भाऊजी असं? तं म्हने गाडीत पुढच्या सीटवर माहे बाबा बसले होते! अरे, बाबाच्या कमरेत चमक, म्हनून बसले. पन जवाई मांगं बसला ना! अमरावती ते मोर्शी थो मानूस खिडकीतून संत्र्याचे झाडं पाहत बसला, आमच्याकडं पाठ करून. मले तवाच समजाले पाह्यजे होतं. घरी येऊन मी तोंड उघडतो तं आई म्हने, "चूप बस! जवाई हाये थो." जवाई हाये बाप्पा, बोलता येते काय?

तुमी त्या मानसाचं रुसनं पायलं नाई. लोकं रुसले का तोंड फुगवतात, हा दिशा बदलवते! खुर्ची उचलते, भिंतीकडं तोंड करते, आपल्याकडं पाठ, अन् उजवा पाय असा हालवते, असा हालवते, का बाजूच्या टेबलावरचा कप सरकते. "भाऊजी, काय झालं?" "मले काय होते? मले काईच नाई झालं." लग्नात घड्याळीसाठी रुसला. बारशात पेढा दुसऱ्या नंबरवर भेटला म्हनून रुसला. वास्तूच्या फोटोत अर्धा आला म्हनून रुसला, अन् अर्धा कावून आला, तं पोट मोठं म्हनून! मंग आमी घरचे सारे हात जोडून त्याच्या पाठीपुढं उभे. त्याच्या पाठीवरचा तीळ बी मले पाठ हाये. पन म्हनाव काय? जवाई हाये बाप्पा, बोलता येते काय?

पन मनात गाठ बांधली राजेहो. म्हनलं, बोलता येत नाई ना, काढता तं येते! अन् देव हाये! पुन्याहून शुभंकरचा फोन. शुभंकर म्हंजे माहा वरचा साहेब, साधं 'जेवलास का' म्हनलं तरी वाटते परीक्षेचा पेपर वाचून राहिला. "हे बघ योगेश, आपल्या खेळात दुसरं महायुद्ध संपलेलंच नाही. साठ साल उजाडलंय आणि अजून चालूच आहे. लढतायत कोण, तर रोबो. पण आजचे गुळगुळीत नकोत. जुन्या स्वस्त मासिकांच्या भडक मुखपृष्ठांवर असायचे ना, तसे, पत्र्याचे, बल्बचे, स्प्रिंगांचे! आणि शत्रूकडचा एक रोबो मला असा हवाय, की पाहताक्षणी माणसाला त्याला गोळी घालावीशी वाटली पाहिजे. आहे का कोणी डोक्यात?"

डोक्यात? अरे बापा, थो तं चार महिन्यांपासून डोक्यात खुर्ची टाकून बसेल हाये!

तीन दिवस मी जेवाले उठलो नाई. पोट घेतलं आंघोळीच्या तांब्याच्या बंबाचं. डोये जुन्या जीपगाडीचे हेडलाइट. मिशीच्या जागी बूट-पालिशचे दोन ब्रश. अंगात पत्र्याची सफारी, तिले चार खिसे, अन् चारही खिसे रिबिट ठोकून बंद. मान वयतच नाई. बोलाच्या पयले पाव मिनिट घसा खाकरते, त्यातून वाफ निघते. नाव टाकलं 'बाळापूर मार्क वन'. शुभंकर म्हने, "नाव छान आहे, काहीतरी सोव्हिएत वाटतंय. पण याला हरवायचं कसं? कमजोरी काय?" म्हनलं, सर, हा रुसते. "म्हणजे?" म्हंजे एक गोळी लागली का लढाई सोडून जवयची भिंत पाहते, तिच्याकडं तोंड करून बसते अन् पाय हालवते. मंग कोनीबी याव अन् मांगून हानाव! शुभंकर म्हने, "अरे, हे तर जगात कोणी केलेलं नाही!" म्हनलं, जगात नसन, आमच्या घरी हाये.

पन इथीच चुकलो. सूड घ्याले बसेल मानूस, पन वळन कुठं जाते? आमच्या घरात नुसतं रुसनं कोनी पायलंच नाई! रुसनं आलं का मांगून समजूत आलीच, वरनामांगून भात आल्यासारखी. माहा हात आपोआप चालला अन् मी टाकून देलं का, दोन जन येऊन त्याच्यापुढं मान खाली घालून उभे राहिले, तं थो उठते. अन् उठला का दुप्पट जोरानं लढते, अन् ज्यानं समजूत काढली त्याच्याच बाजूनं! काहून टाकलं मी हे? कोनं सांगतलं होतं? कोनीच नाई!

खेळ बाजारात आला. पहिले आठ दिवस, अहाहा! ब्राझीलचा पोट्टा मांगून हाने, जपानची बाई मांगून हाने, अन् मी गिला वडा खात पाहो. हाना! बाहुले म्हन्ते! अजून हाना! रात्री असा झोपो का बाबा नाकापुढं बोट धरून पाहत, श्वास चालू हाये का नाई.

नवव्या दिवशी लोकाईले समजूतवालं सापडलं. संपलं राजेहो! गोळ्या बंद. जो तो पयले बाळापूरले रुसवते अन् मंग मनवते, काहून का त्याच्याबिगर लढाई जिंकताच येत नाई! तीस-चाळीस देशांचे लोकं, बंदुका खाली ठेवून, भिंतीजवय माना घालून उभे! पयले आमचंच घर करत होतं, आता सारी दुनिया त्याची मनधरनी करून राहिली, अन् थे कोनं केलं? म्यां केलं!

तेवढ्यात साधनाताईचा फोन. "योग्या, तुह्या भाऊजीनं मोबाइलवर थो रोबो पायला. तीन दिवस झाले, भिंतीकडं तोंड करून बसेल हायेत." मले काय आनंद झाला म्हनता! लागलं! मर्मी लागलं! "आनंद मंग करजो, पयले येऊन समजूत काढ." गेलो बाळापूरले, शर्ट-पँटचा कपडा घेऊन. पाठीले म्हनलं, भाऊजी, चुकलं. पाठीनं पाव मिनिट घसा खाकरला... अन् म्हने, "मांगून हानतात, त्याचं मले काई नाई. मोठ्या मानसाले लोकं मांगूनच हानतात. पन समजूत काढाले दोनच जन? दोन? आपली काई इज्जत हाये का नाई? कमीत कमी पाच पाह्यजे!"

काय करता? जवाई हाये बाप्पा, बोलता येते काय? शुभंकरले फोन केला, पाच करून देले.

अन् दुसऱ्याच दिवशी मोबाइलवर निरोप. मंजुषाचा! "पाच काहून केले? जिंकाले लय त्रास होते. मी तुमचा खेळ रोज खेळते. हा रोबो म्हंजे थेच ना, चिवडावाले?" राजेहो, माह्या डोयात पानी आलं! म्हनलं, थेच. म्हने, "बाबाले मी समजावते." अन् समजावलं बी! देवमनजीचा फोन आला, पोरगी देतो म्हने, "फक्त लग्नाले त्याईले नक्की आना, आमच्या गावची लोकं त्याईले पाहाचं म्हनतात."

आनलं. पुढच्या सीटवर बसवून आनलं. पन मनात म्हनलं, उद्धवराव, आज माही पाळी! आज मोर्शीचा जवाई मी! आज मी रुसनार, अन् तुमी उभे राहून पाहनार! पंगत बसली, म्यां जिलबीचं ताट सरकवलं, खुर्ची उचलली, भिंतीकडं तोंड केलं, अन् पाय हालवाले लागलो. पाच मिनिटं झाले. दहा झाले. पाय दुखाले लागला. मांगून कोनीच येईना! वयून पायलं तं सासरे, मामेसासरे, भटजी, बँडवाले, सारा मांडव त्या कोपऱ्यात, माना खाली घालून! भाऊजी माह्या पयले रुसेल होते. काहून? तं नवरदेवाले हार मोठा!

तेवढ्यात मंजुषा आली, शालू सावरत. मले वाटलं, आली माही बायको मले मनवाले! तं म्हने, "उठा हो, तुमी या, आमच्या कोनाचंच ऐकत नाईत थे."

गेलो. मुंडावळ्या वर केल्या, गळ्यातला हार काढून हातात घेतला, अन् जाऊन त्या पाठीपुढं उभा राहिलो... जवाई होतो बाप्पा मी बी, पन नवा.