पार्षदांना शिकवणारी मॅडम

आमचे आजोबा सोलापूरकडून इंदूरला आले ते मिलमध्ये क्लार्क म्हणून, मग वडील सरकारी दफ्तरात बाबू झाले, आणि माझं म्हणाल तर मला शाळेत शिकवायचं होतं, बस, एवढंच होतं मनात. पण कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती मी आणि वडील गेले, ऑफिसातच गेले, जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला आणि गेले. मग सगळे बोलले, शशी, वडिलांच्या जागी अनुकंपा नोकरी मिळतेय, लागून जा, आई आहे, धाकटी बहीण आहे. लागली. तेव्हा वाटलं दोन-चार वर्षं करू मग सोडू. काय सांगू तुम्हाला, चौतीस वर्षं झाली. बहिणीचं लग्न झालं, ती बडोद्याला गेली, आई राहिली, मी राहिली, माझं लग्न राहूनच गेलं, ते जाऊ द्या.

तर आमचं ट्रेनिंग सेंटर आहे, त्याचं नाव नका लिहू, कुठल्या गावाचं पण नका लिहू. निवडणूक झाली की तिथे नवे पार्षद येतात. तुम्ही तिकडे नगरसेवक म्हणता ना, आम्ही पार्षद म्हणतो. आसपासच्या लहान-लहान नगर परिषदांचे लोक, कडक इस्त्रीचे कपडे, जिंकण्याचा गुलाल अजून कानामागे असतो, आणि यांना तीन दिवसांत सांगायचं की तुमचं गाव चालतं कसं. पहिला तास माझा. माझं मूळ काम फाइली लावायचं, पण एकदा शिकवणारे सर आले नाहीत, साहेब बोलले शशीजी, आज तुम्ही सांभाळून घ्या, आणि मी जे सांभाळलं ते सांभाळलंच.

मी कायद्याची कलमं नाही वाचत. मी विचारते, भिया, सकाळी नळ उघडला आणि पाणी नाही आलं तर कुणाला पकडाल? सगळे एका आवाजात, सीएमओ साहेबांना! म्हणजे परिषदेचे मुख्य अधिकारी. मी म्हणते थांबा, आधी हे सांगा की पाइप कुठे टाकायचा ते ठरवलं कुणी? मग फळ्यावर काढते, हा नळ, ही टंकी, ही परिषद, परिषदेत तुम्ही बसता, तुम्ही हात वर केला तर पाइप येतो, नाही केला तर नाही येत, अधिकारी तर तुम्ही ठरवलेलं अमलात आणतो. आणि हात तुमचा, म्हणजे तुमचाच. एवढं बोलली की बायकांच्या माना बाजूला वळतात, कारण अर्ध्या बायकांच्या बाजूला त्यांचे नवरे बसलेले असतात. जागा बायकांसाठी राखीव, म्हणून बायको उभी केली, पोस्टरवर फोटो दोघांचा, आणि कारभार बघणार भैयाजी. पार्षद पती म्हणतात त्यांना, आणि अगदी मानाने म्हणतात.

मागच्या निवडणुकीनंतर एक गीताबाई आली. असेल बत्तीस-तेहतीसची, आठवी पास, डोक्यावरून पदर, बाजूला नवरा. तिची हजेरीची सही नवऱ्यानेच ठोकली. मी बोलली, भैयाजी, हजेरी त्यांची आहे, आपण बाहेर चहा घ्या. तो उठला, हसला, हात जोडले आणि गेला. तो हसला का ते मला फार नंतर समजलं.

तीन दिवस ती बाई पहिल्या ओळीत. पाच वाजले की बाकीच्यांना सराफ्यात चाट खायला जायची घाई, ही वही घेऊन माझ्या टेबलाशी उभी. शेवटच्या दिवशी विचारते, मॅडमजी, सब हाँ बोले और मैं ना बोलूँ, तो? मी बोलली, तर कार्यवाहीच्या रजिस्टरमध्ये लिहायला लावायचं की गीताबाई सहमत नाहीत. मेरा नाम लिखेंगे? मी बोलली, लिहावंच लागतं. तिने ते वहीत उतरवून घेतलं, दोनदा वाचून बघितलं, आणि एवढी खूश झाली, एवढी खूश झाली की काय सांगू. आणि खरं सांगते, मी पण खूश झाली. घरी जाऊन आईला बोलली, आज मी शिकवलं.

दोन-अडीच महिन्यांनी तिचा फोन आला. त्यांच्याकडे मुलींच्या शाळेचं मैदान आहे, त्यावर दुकानं काढायचा प्रस्ताव आला होता, आणि बांधायचं काम तिच्या नवऱ्याच्या मित्राला जाणार होतं. गीताबाईची मुलगी त्याच शाळेत. मीटिंगमध्ये सगळ्यांचे हात वर, हिचा नाही, वरून उभी राहून बोलली, लिखो, गीताबाई सहमत नहीं. तिचं बघून बाकीच्या बायकांनी पण हात खाली घेतले, परिषदेत अर्ध्याच्या वर बायकाच, आणि प्रस्ताव पडला. गिर गया मॅडमजी, गिर गया, अशी हसत होती फोनवर. मग आठ दिवसांनी मी फोन लावला तर बंद. परत लावला, बंद. महिनाभर बंद.

आणि मग तो आला, नवरा. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, तो तिथे बसलेला, तसाच हसत, तसेच हात जोडून. मॅडमजी, घरात फार कलह होऊन राहिला आहे, ती आपलंच ऐकते, आपण येऊन समजवा, इस्तीफा देऊन टाकू दे, घर बघू दे. मी साहेबांकडे बघितलं. साहेब वाईट माणूस नाही हो, पण त्यांना पण वरून कुणाचा तरी फोन होता. तो पहिल्या दिवशी का हसला होता ते मला तेव्हा समजलं, त्याला ठाऊक होतं की बाहेर पाठवणाऱ्या मॅडमच्या वर पण कुणी साहेब असतो. ते माझ्याकडे न बघता बोलले, शशीजी, जाऊन या, मामला निपटवा, नाहीतर तिकडे लांब झाबुआला एक जागा रिकामी आहे, बदलीसाठी माझ्याकडे नाव मागितलंय. आईला लकवा मारून तेव्हा वर्ष झालं होतं. तिला भरवणं, उठवणं, बसवणं, सगळं मी. तिला घेऊन झाबुआला जाऊ की तिला सोडून जाऊ? दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी मी गेली.

गाडी त्यानेच पाठवली. माडीवरची खोली, बाहेरून कडी. कडी त्याने माझ्यासमोर काढली, शरम नाही, संकोच नाही, कपाट उघडावं तशी. गीताबाई मला बघून उठली, पाया पडली, आणि तिचा चेहरा असा उजळला, तिला वाटलं मी सोडवायला आली. तो चेहरा, काय सांगू तुम्हाला. नवरा खुर्चीवर बसला, दारात त्याचे दोन मित्र उभे, पलंगावर टाइप केलेला कागद. मी बोलली, गीताबाई, करून टाका सही. ती बोलली, मॅडमजी, ये आप बोल रही हो के आपसे बुलवा रहे हैं? मी बोलली, मी बोलतेय. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा दारातल्या त्या दोघांकडे, मग वाकून सही केली, पूर्ण नाव, एकेक अक्षर. मी तिथे पाणी पण नाही प्यायली.

मग काय, जागा रिकामी झाली, पोटनिवडणुकीत त्याची वहिनी निवडून आली, मैदानावर आता दुकानं आहेत. मी झाबुआला गेली नाही. साहेबांनी शब्द पाळला.

या उन्हाळ्यात तिचा फोन आला, नवीन नंबरवरून. मुलीला घेऊन माहेरी निघून आली आहे, भावाकडे राहते, आंगनवाडीत काम लागलंय. मी बोलली, गीताबाई, मला माफ करा, आणि मला रडू आलं. तर ती मलाच समजावते, अरे मॅडमजी, कैसी बात करते हो, उस दिन वो लोग दरवाजे पे खड़े थे, आपको घर कहाँ जाने देते, मैं समझ गई थी, इसीलिए तो दस्तखत कर दिए, सोचा मॅडमजी तो छूट जाएँ.

बघा आता. मला कुणी अडवलंच नव्हतं. त्या दोघांनी तर मी आली तेव्हा बाजूला होऊन वाट दिली होती. मी नाही बोलून उठली असती तर कुणी माझा हात धरला नसता, गाडी नसती दिली तर बस होती, तासाभरात घरी आली असती. हे मी तिला सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडलं पण ती एवढ्या मायेने बोलत होती, मॅडमजी, आई कशी आहे, तुमची तब्येत कशी आहे, आणि मी हो-हो करत राहिली. तिच्या मनात मी चांगलीच आहे अजून. तुम्ही लिहिताय म्हणून तुम्हाला सांगितलं, आता छापा.

रिटायरमेंटला नऊ वर्षं आहेत अजून. सोमवारी नवी बॅच येतेय, यादी आली आहे, अकरा बायका आहेत त्यात. जाईन, दुसरं काय करणार. गीताबाईचं देवाने भलं करावं, तिच्या मुलीचं करावं, मुलगी म्हणे वर्गात फार प्रश्न विचारते. विचारू दे. तिला माझ्यापेक्षा चांगली मॅडम मिळू दे.