नंबरचा मास्क

माझं लक्षद्वीप विचारूच नका. पंच्याण्णव-शहाण्णव साल असेल. स्कूबाच्या टाक्या तिथे मिळणार होत्या, मास्क फक्त आपला आपण न्यायचा होता. ठाणं पालथं घातलं, शेवटी कल्याणला एका खेळाच्या दुकानात माळ्यावरून एक निघाला. घरी येऊन घातला, तर आत चष्मा मावेना. आणि माझा नंबर एका डोळ्याला सहा, दुसऱ्याला दोन.

कोचीनची गाडी त्याच संध्याकाळी. मी डोंबिवलीत आमच्या चष्मेवाल्या काकांकडे धावत गेलो.

"काका, मास्कला आतून नंबरच्या काचा चिकटवून द्या."

"देतो. पण सुकायला तासभर लागेल. बस."

मला कुठला धीर निघायला. समोर भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता होता. दर दोन मिनिटांनी "सुकलं का?" विचारायचं आणि तक्ता वाचायचा, वरून खाली, खालून वर.

अखेर काकांनी मास्क माझ्या तोंडावर चढवला. "वाच."

शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचलं. काका खूश. सगळं धुरकट वाटत होतं, पण म्हटलं गम ओला असेल. रिक्षा पकडली.

समुद्राखाली शिकवणारा बोटांनी खुणा करत होता, आणि मला बोटं किती तेच कळेना. पाच मिनिटांत त्याने मला वर आणलं. मास्क नीट पाहिला, तर काकांनी डावी काच उजवीकडे आणि उजवी डावीकडे चिकटवलेली.

परत आल्यावर तडक भांडायला गेलो. काका शांतपणे म्हणाले, "अरे, मग त्या दिवशी वाचलंस कसं?"

तो तक्ता मला आजही पाठ आहे.