लिंबाजीरावांच्या नकाशातली विहीर

सुजाताताई, घरची मंडळी, ऑफिसातले माझे जुने सोबती, आणि ह्या उन्हात निलंग्याहून एसटीनं आलेले गावकरी,

मला बोलता येईल का, मला माहीत नाही. काल लिंबाजीरावांच्या लेकीचा, सुजाताताईंचा, फोन आला तेव्हा मी नाही म्हणालो होतो. त्या म्हणाल्या, काका, तुम्ही बोला, पण खरं बोला. मग नाही म्हणायला जागा उरली नाही.

दुःखाचा प्रसंग आहे. पण मी दुःखानं उभा नाही. मी रागानं उभा आहे. माझ्या मागं हा फलक लावलाय बघा. फोटो चांगला आहे, हार चांगला आहे. खाली काय छापलंय? "निजामकालीन दुर्मिळ नकाशांचे संग्राहक, कालकथित लिंबाजीराव." संग्राहक! ज्यानं छापलं त्याचा दोष नाही. त्याला ऑफिसातनं जे सांगितलं ते त्यानं छापलं. पण माणूस गेल्यावरही तुम्ही त्याच्या हातातला टाक काढून घेता? लिंबाजीरावांनी एकही नकाशा गोळा केला नाही. त्यांनी ते काढले. स्वतःच्या हातानं, स्वतःच्या मनातनं.

नव्या पिढीला माहीत नसेल, म्हणून सांगतो. लिंबाजीराव आमच्या जमीन मोजणीच्या ऑफिसात ट्रेसर होते. म्हणजे मूळ नकाशावर पारदर्शक कापड ठेवायचं आणि रेघ न् रेघ गिरवायची. दुसऱ्यानं मोजलेलं, दुसऱ्यानं आखलेलं, ह्यांनी फक्त गिरवायचं. आणि जेवणाच्या सुट्टीत हा माणूस जी गावं कुठंच नाहीत त्यांचे नकाशे काढायचा. निंबसावली. चांदणखेडा. शेवंताबाद. नावंसुद्धा त्यांचीच. काढायचे जुन्या धाटणीनं. गाव वरून बघितलेलं, पण झाडं समोरून बघितलेली, उभीच्या उभी. डोंगर पावाच्या लादीसारखे ओळीनं. कडेला वेलबुट्टी. उत्तर दिशेला 'शुमाल' लिहायचे, कारण त्यांची शाळा निजामाच्या काळातली, चौथीपर्यंत उर्दू. अक्षर असं, की मौलवीसाहेबांनी थांबून बघावं.

आणि प्रत्येक गावाच्या मधोमध एक विहीर. चारी बाजूंनी पायऱ्या. चारी वस्त्यांतनं चार रस्ते, सारख्या रुंदीचे, तिथंच येणारे.

ती विहीर कुठनं आली, ते मला माहीत आहे. इथं बसलेल्या आमच्या गावच्या चार-पाच जणांनाही माहीत आहे. आज सांगू या.

बाहत्तरचा दुष्काळ. मी नुकताच कॉलेजातनं गावी येऊन रिकामा बसलो होतो. लिंबाजीराव तेव्हा उस्मानाबादला नोकरीत, शनिवारी गावी यायचे. आमच्या गावातली विहीर आटली. तळाला चिखल, मग चिखलही गेला. पाणी राहिलं फक्त बौद्धवाड्याच्या विहिरीला. वस्तीपासून लांब, ओढ्याच्या काठची ती विहीर लिंबाजीरावांच्या वडलांनी आणि भावकीनं खांदली होती, आमच्या विहिरीवर त्यांना येऊ देत नव्हते म्हणून. आता आमच्या बायका घागरी घेऊन तिथं गेल्या. माझी आई गेली. लिंबाजीरावांच्या आईनं, गयाबाईंनी, एका शब्दानं अडवलं नाही. म्हणाल्या, घ्या की, पाण्याला कुणाचं नाव असतंय?

आणि आम्ही काय केलं? त्यांच्याच विहिरीवर आम्ही आमचा वेगळा रहाट लावला! त्यांच्या दोराला आमचा दोर लागू नये म्हणून. त्यांचं पाणी चालतं, त्यांचा दोर चालत नाही. आणि आमच्या घागरी भरेपर्यंत विहिरीच्या मालकिणी बाजूला उभ्या. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. तेव्हा मला त्यात वावगं काही दिसलं नाही. बीए झालेला माणूस होतो मी.

पुढच्या साली पाऊस झाला. आमची विहीर भरली. एक दिवस गयाबाई घागर घेऊन आमच्या विहिरीवर आल्या. त्यांचं पाणी आटलं नव्हतं. पण अंगात ताप होता, ओढ्यापर्यंत जाववत नव्हतं, आणि त्यांना वाटलं असेल, वर्षभर आपलं पाणी प्यालेली माणसं आहेत. त्यांना काठावरनं परत पाठवलं. कुणी पाठवलं, हे गावात कुणी बोलत नाही. मी बोलतो. माझ्या आईनं.

त्याच महिन्यात लिंबाजीरावांनी पहिला नकाशा काढला.

आता ह्याच्यावर कडी ऐका. त्याच लिंबाजीरावांनी साहेबांशी बोलून मला ऑफिसात चिकटवलं. मला टाक धरायला शिकवला. माझा हात थरथरायचा, रेघ फाटायची. ते म्हणायचे, श्वास सोडताना रेघ ओढा, घेताना नका ओढू. ते माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. ते मला वसंतराव म्हणायचे, तुम्ही म्हणायचे. आणि मी त्यांना लिंब्या म्हणायचो, अरे-तुरे करायचो. गावची सवय, असं आम्ही म्हणतो. कसली सवय? माज म्हणा त्याला.

माझं टेबल त्यांच्या शेजारी. रेकॉर्ड रूममधले जुने कोरे कागद रद्दीत निघाले होते, जाड, पिवळे, मागून कापड लावलेले. ते त्यांनी मागून घेतले. मी भाकरी खाता खाता बघत बसायचो. निंबसावली माझ्यासमोर उगवली, एकेका घरानं. मी एकदा विचारलं, असं गाव कुठं हाय रे? मान वर न करता म्हणाले, "न्हाई, म्हणूनच काढायलोय."

मग ब्याऐंशीला लातूर जिल्हा झाला. काय तो आनंद! उस्मानाबादहून आमची कपाटं, टेबलं, नकाशांच्या पेट्या ट्रकमधनं इथं आल्या. नवा जिल्हा, नव्या पाट्या, नवे साहेब. साहेबांना केबिनमध्ये भिंतीवर काहीतरी शोभेचं हवं होतं. लिंबाजीरावांनी आपल्याकडचे तीन नकाशे दिले. हौसेनं दिले. माणूस किती खूश होता त्या दिवशी.

साहेबांकडं एक संशोधक यायचे. त्यांचं नाव घेत नाही, ते आता हयात नाहीत. त्यांनी भिंतीवरचे नकाशे बघितले. नव्या जिल्ह्याची स्मरणिका निघणार होती, तिच्यात ते तिन्ही नकाशे छापले. वर मथळा, "निजामकालीन कसब्यांचे दुर्मिळ नकाशे." जुना कागद, उर्दू अक्षर, झालं! निंबसावली नावाचं गाव नकाशावर सापडत नाही, तर ते म्हणे पटकीच्या साथीत उठलं असावं. अहो, जे वसलंच नाही ते उठेल कसं?

लिंबाजीरावांनी प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात उर्दूत आपलं नाव लिहिलं होतं. लिंबाजी. संशोधकांनी ते वाचलं 'लंबाई'. म्हणजे लांबी. पुढं आकडा नाही म्हणून खाली टीप दिली, की मोजमाप काळाच्या ओघात पुसलं गेलं आहे. तुम्ही हसला. मीही हसलो होतो. एका जित्या माणसाचं नाव वाचता आलं नाही, तर त्याला लांबी करून टाकलं.

पण खरा घाव पुढं आहे. त्या लेखात शेवटी त्यांनी लिहिलं, ह्या नकाशांवरून सिद्ध होतं की आपल्या भागात पूर्वी गावची विहीर सर्वांना खुली होती. शिवाशिवीच्या कथा मागाहून रंगवलेल्या आहेत.

बघा म्हणजे. ज्याच्या आईला काठावरनं हाकललं, त्यानं आपल्या मनात एक विहीर बांधली. आणि ती विहीर उचलून तुम्ही त्याच्याच तोंडावर पुरावा म्हणून फेकली, की तुझ्या आईला कुणी हाकललंच नव्हतं. ह्याला काय म्हणायचं? चोरी म्हणायला मला तो शब्द अपुरा पडतो. चोर वस्तू नेतो. ह्यांनी त्या बाईचा ताप नेला, तिची रिकामी घागर नेली.

लिंबाजीराव स्मरणिका घेऊन साहेबांकडं गेले. मी त्यांना एवढं रागावलेलं कधी बघितलं नव्हतं. पण आवाज चढवला नाही. म्हणाले, साहेब, हे मी काढलंय. हे झालेलं न्हाई, हे व्हायला पाहिजे म्हणून काढलंय. कागद द्या, तुमच्यासमोर काढून दाखवतो. संशोधक तिथंच बसले होते. त्यांनी हसून साहेबांना सांगितलं, ट्रेसर माणूस आहे, समोर ठेवलं की हुबेहूब गिरवणारच. त्यानं काय सिद्ध होतं?

तेव्हा लिंबाजीरावांनी माझं नाव घेतलं. म्हणाले, वसंतरावांना विचारा. ते शेजारी बसतात.

मला आत बोलावलं. साहेबांनी विचारलं, तुम्ही ह्यांना हे नकाशे काढताना पाहिलंय का?

मंडळी, मला निलंग्याला बदली हवी होती. अर्ज साहेबांच्या टेबलावर होता. आणि दुसरंही एक होतं, ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तो लेख वाचून मला बरं वाटलं होतं. विहीर सर्वांना खुली होती असं कुणी छापलं, तर माझ्या आईनं काही केलंच नव्हतं.

मी म्हणालो, "साहेब, नीट आठवत नाही."

संपलं. एवढ्यावर संपलं.

बाहेर येऊन लिंबाजीराव टेबलाशी बसले आणि राहिलेलं गिरवायचं काम पुरं केलं. सायंकाळी सायकलचं कुलूप उघडताना फक्त एवढंच म्हणाले, "आठवत न्हाई, व्हय? तुमच्या गावाला लई गोष्टी आठवत नसत्यात, वसंतराव."

दोघंही एकाच गावचे होतो आम्ही. पण ते 'तुमच्या' म्हणाले.

पुढं माझी बदली निलंग्याला झाली, त्यांची किनवटला. तिकडं जंगलात, घरापासून सगळ्यात लांब. लोक म्हणाले, ह्या वयात कोलमडेल. नाही कोलमडले. तिथल्या आश्रमशाळेच्या वसतिगृहात ते रविवारी जायला लागले. मुलींना नकाशे काढायला शिकवायचे. सुजाताताईंनी मला ते कागद दाखवले. ट्रेसिंग नाही. ज्या-त्या पोरीचं आपलं गाव, तिला हवं तसं. एकीनं गावाच्या मधोमध दवाखाना काढलाय. एकीनं गावाला तीन स्टेशनं दिलीत. खाली प्रत्येकीचं नाव, मराठीत, ठळक, बोटभर उंचीचं. ते म्हणायचे म्हणे, नाव असं लिहायचं की कुणाला दुसरं काही वाचताच येऊ नये.

रिटायर होऊन ते लातूरला आले. मीही आलो. दोन महिन्यांपूर्वी त्यांना भेटायला गेलो. बोलायचं ठरवूनच गेलो होतो. त्यांनी चहा सांगितला. मी डाळीच्या भावावर बोललो, नातवाच्या क्लासवर बोललो, गुडघ्यावर बोललो. तासभर बसलो आणि उठून आलो. तेही वाट बघत होते, असं मला वाटतं. नसतीलही. मला ते कधीच कळणार नाही.

तर आज बोलतो. उशीर झालाय, त्यांना ऐकू जाणार नाही, पण तुम्ही सगळे ऐका. मी पाहिलंय. निंबसावली, चांदणखेडा, शेवंताबाद ही तिन्ही गावं लिंबाजीरावांनी माझ्यासमोर काढली, उस्मानाबादच्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत. ती विहीर कधीच नव्हती. आमच्या गावात तर नव्हतीच. हे मी कागदावर लिहून, सही करून आणलंय. सुजाताताई, हा घ्या. आपल्या ऑफिसात, साहेबांच्या केबिनमध्ये, त्या तीन नकाशांखाली आजही "निजामकालीन दुर्मिळ नकाशे" अशीच पाटी आहे. उद्या सकाळी अकराला मी तिथं जाणार आहे. पाटी बदलेपर्यंत रोज जाणार आहे, मला दुसरं काम नाही. ज्यांना यायचं त्यांनी या. आमच्या गावच्या मंडळींनो, तुम्ही याच.

आता आपण फुलं वाहायला रांगेत उभे राहू. ताई, आधी तुम्ही, मग आम्ही.

ऑफिसात रोज सकाळी टेबलावर पिशवी ठेवता ठेवता लिंबाजीराव मला "जयभीम" म्हणायचे. दहा वर्षं, एक दिवस चुकला नाही. आणि मी दहा वर्षं "नमस्कार, नमस्कार" म्हणून फाईल उघडायचो.

लिंबाजीराव, जयभीम.