इटलीतला धुरकट फोटो

इटलीचं विचारताय ना, मग ऐका. पिनहोल फोटोग्राफी शिकायला गेलो होतो, म्हणजे पत्र्याच्या डब्याला टाचणीएवढं भोक पाडून फोटो काढायचा. बाबांना हट्टाने सोबत नेलं. ते गिरणीत कापडाचे साचे, म्हणजे माग, चालवायचे. संपात नोकरी गेली, तेव्हापासून काळाचौकीच्या घरात त्यांनी गिरणीचं नाव काढलं नव्हतं.

तिथे आमच्या घरमालकाचे म्हातारे वडीलही कापडगिरणीतलेच निघाले. दोघांना बाकावर बसवलं. म्हटलं, "बाबा, दोन-तीन मिनिटं हलू नका हां. हललं की फोटो धुरकट येतो."

मी डब्याचं भोक उघडलं आणि त्या आजोबांनी हवेतच तुटलेल्या धाग्याला गाठ मारून दाखवली.

"अरे, तशी नाय!" म्हणत बाबा आपली गाठ दाखवायला लागले. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नव्हती, पण थांबेचनात. मला त्यांना अडवावंसं वाटेना.

फोटोत चेहरे ओळखू येत होते, हातांच्या जागी मात्र नुसता धूर. म्हटलं, "वाया गेला, बाबा. परत काढू."

बाबांनी फोटो माझ्या हातातून घेतला.

"राहू दे रे," म्हणाले. "हात चालू होते, एवढं दिसतंय ना?"