मूठ ढिली सोडा, पुंजाराम!

...आन् वरून म्हणायचं काय, तर ‘मूठ ढिली सोडा!’ अवो, म्हणणाऱ्याच्या बापाचं काय जातंय? तुम्हाला सांगतो, ज्या घराण्याच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या नांगराचं रुमणं, त्या घरच्या माणसाला तुम्ही म्हणता मूठ ढिली सोड! आमच्या पिंपळगाव रेणुकाईला पोरगं चालायला लागलं की पहिली शिकवण हीच, की बाबा रे, मूठ सुटली की तास वाकडं! रुमण्यावर दाब पाह्यजे, तव्हा कुठं फाळ मातीत घुसतो. आमचा चुलता तर पोरानं रुमणं ढिलं धरलं की मागून पाठीत धपाटाच घालायचा. त्या चुलत्याचा हा पोरगा, माझा चुलतभाऊ पुंजाराम, आन् ह्याला शिकवून राह्यले ढिली मूठ! कशासाठी? तर स्नूकर खेळायला!

हसू नका. घर उठलं हो माणसाचं.

आता स्नूकर म्हंजी काय? बरं झालं विचारलं. जालन्याच्या छावणीत आधी गोऱ्यांची पलटण होती, ती गेली आन् जाताना क्लबात एक टेबल सोडून गेली. चार बाजा मावतील एवढं टेबल, वर हिरवं बनातीचं कापड, कडंनं खिसे, आन् त्याच्यावर लाल, पिवळ्या, काळ्या गोट्या. लांब काठी घ्यायची, काठीच्या टोकानं पांढऱ्या गोटीला ढोसायचं, पांढरीनं लालीला ढोसायचं, लाली खिशात पडली की समद्यांनी वाहवा म्हणायचं. झालं! ह्याच्यात शिकायचं काय हाय? आमच्याकडं बारकी पोरं गोट्या बोटानं मारतेत, काठीचा खर्चबी न्हाई.

पण पुंजारामची अडचण होती. पुंजाराम जालन्याच्या कचेरीत अहलकार, म्हंजी कारकून. निजाम सरकारची नोकरी! अंगात शेरवानी, डोक्यावर लाल रुमी टोपी, टोपीला काळा गोंडा. साऱ्या भावकीत पहिला नोकरदार. जुम्म्याला कचेरी बंद, की हा आदल्या संध्याकाळीच मिळंल त्या गाडीनं पिंपळगावला पळायचा. आईपायी! आमची गोजरबाई काकू डोळ्यानं आंधळी. दारात पाय वाजला की म्हणायची, ‘आला का रं पुंजा?’ मंग त्याच्या तोंडावरून हात फिरवायची, कपाळापसून हनुवटीपस्तोर, हळूच, आन् मंगच भाकर तोंडात घालायची. तो गेला न्हाई तर ती भाकर तशीच वाळायची. आन् अशात कचेरीत बोलवा उठली, की एका अहलकाराला आसिफाबादेला धाडणार. आसिफाबाद! पार तेलंगणाच्या टोकाला! जंगल, वाघ, हिवताप, आन् गेला माणूस तो सणावारालाच परत. कोणाला धाडायचं? साहेबाच्या मर्जीवर. साहेबाला नाद कशाचा? स्नूकरचा. आन् साहेबाची तक्रार काय? की जालन्यात जोडीला एक खेळणारा मिळत न्हाई!

मंग जुगलकिशोर सेठनं त्याचा कान फुंकला. सेठ कापसाचे बडे व्यापारी, माणूस दिलदार, कोणाचं बरं होत असलं तर रात्रीचं उठून येईल. ‘पुंजारामजी, जोडीदार मिळाला तर साहेब त्याला जालन्यातून हलू देतील का? बिलकुल न्हाई! चला, शिकवतो तुम्हाला.’ आता तुम्हाला सांगतो, ह्या सेठनं उभ्या जन्मात त्या काठीला हात लावलेला नव्हता! क्लबातल्या बाकावर बसायचं, पान खायचं आन् बघायचं. म्या विचारलं, ‘सेठ, तुम्ही कामून खेळत न्हाई?’ तर म्हणतेत, ‘अरे भाई, मीच खेळलो तर बघणार कोण?’ घ्या!

तर धडा सुरू. ‘पुंजारामजी, मूठ ढिली सोडा! काठी अशी धरा, जसं चिमणीचं पिल्लू धरलं. मरायला न्हाई पाह्यजे, उडायला न्हाई पाह्यजे.’ पुंजारामनं धरलं... पिल्लू जागच्या जागी खलास! बोटं पांढरी पडली, काठी करकर वाजून राह्यली. ‘ढिली! ढिली!’ सेठ वरडले. बरं, सोडली ढिली. तर काठी सुटली ती थेट सेठच्या पोटात. सेठ पोट धरून खाली बसले आन् तशातबी म्हणले, ‘बराबर... पण इतकी न्हाई.’

मंग उभं राहणं. उभं राहायलाबी शिकावं लागतं, हे मला त्या दिवशी कळलं! ‘डावा पाय पुढं, उजवा ताठ, कंबरेत वाका, हनुवटी काठीला टेका.’ टेकली हनुवटी, की टोपी फुडं, गोंडा गोटीवर! गोंडा लागला की चूक. मंग टोपी काढावी? साहेबाफुडं बोडक्या डोक्यानं? अवो, आसिफाबाद ऱ्हायलं बाजूला, नोकरीच जायची! शेवटाला त्याच्या बायकोनं, सगुणाबाईनं, उपाय काढला. लेकराच्या कुंचीला असती तशी टोपीला नाडी शिवली, हनुवटीखाली गाठ, आन् गोंडा वर घेऊन टाका मारला. सरकारचा अहलकार निघाला कुंची घालून!

आन् वाकलं की मागची बाजू कोणाकडं तरी होणारच का न्हाई? टेबलाच्या चारी अंगानं खेळायचं, साहेब कोपऱ्यात खुर्चीवर. साहेबाकडं पाठ करायची? साहेबाच्या खोलीतून माणसं उलटी चालत बाहेर पडायची, असे दिवस ते! सेठ म्हणले, ‘टोल्याआधी सलाम करायचा, गुस्ताखी माफ म्हणायचं, मंग वाकायचं.’ पुंजारामनं तेबी घोकलं. डावा पाय, उजवा पाय, सलाम, माफी, कंबर, हनुवटी... आन् एवढं होईपस्तोर मारायचं कशाला तेच इसरायचा!

घरी सराव वेगळाच. ओट्यावर बाटली आडवी ठेवायची, तिच्या तोंडातून वेळूची काठी आत-बाहेर करायची, काचेला लागू द्यायची न्हाई. खांदा हालवायचा न्हाई, नुसतं कोपर, पाळणा झुलल्यावानी. खळ्ळ! गेली बाटली. खळ्ळ! दुसरी. सगुणाबाई कपाळ बडवती, ‘अवो, गोडेतेल आता कशात आणू, वंजळीत? इतकं देवाफुडं वाकले असते तर रेणुकामाय पावली असती!’ म्या म्हणलं, ‘पुंजा, मूठ ढिली सोड.’ तसा तो काचंच्या तुकड्यांत खाली बसला आन् रडायलाच लागला. ‘दादा, सोडणं ह्या हाताला ठावंच न्हाई रे. मी गेलो तर माय जेवायची न्हाई.’

मंग सगुणाबाईच हळूच म्हणली, ‘आत्याबाई तुमच्या तोंडावरून हात फिरवतेत ना, तस्सा धरा की.’

पुंजारामनं डोळे मिटले, काठी धरली... आन् काय सांगू तुम्हाला, काठी सुळकन बाटलीत गेली आन् सुळकन बाहेर! परत गेली, परत आली. काच वाजली न्हाई. जमलं! ढिली मूठ जमली!

खेळाचा दिवस. सेठ बाकावर, मी दाराशी, पुंजाराम कुंचीत. पहिला टोला. सलाम, ‘गुस्ताखी माफ, हुजूर.’ दुसऱ्या टोल्याला पुन्हा तेच. तिसऱ्याला साहेब खुर्चीतून वरडले, ‘अजी, खेलना है की सलामां ठोकते रहना है?’ मंग मातर आमचा गडी जो वाकला! लाली खिशात. पुन्हा लाली. काळी! सेठ बाकावर उड्या मारून राह्यले, ‘मूठ बघा! मूठ बघा!’ शेवटी साहेबच जिंकले, पण घामाघूम होऊन जिंकले. पुंजारामचा हात हातात घेऊन म्हणले, ‘वा जी वा! हात है की मक्खन!’ त्या दिवशी सगुणाबाईनं पुरण घातलं. सेठनं पेढे वाटले. आम्ही म्हणलं, जितलो.

आन् थोड्याच दिवसांत साहेबांचीच बदली निघाली. कुठं? सांगा बघू, कुठं? आसिफाबाद! साहेबानं पुंजारामला बोलावून मोठ्या खुशीत सांगितलं, ‘उस जंगल में मेरे संग कौन खेलता? तुमकू साथ लेके चलतूं!’ म्हंजी उपकार केले! आन् जालन्याला ऱ्हायलं कोण? कचेरीतला धर्मराज, ज्याला काठीचं टोक कोणतं आन् बूड कोणतं ते मरेपस्तोर कळलं न्हाई. अडाणी ऱ्हायला, म्हणून घरी ऱ्हायला.

बरं, खेळाचं तरी सुख? तिकडं टेबलच न्हाई! साहेबांना आता शिकारीचा नाद लागला. पुंजारामच्या हातात बंदूक दिली. आन् पहिला धडा काय असंल? ‘मूठ घट्ट धरो!’ ह्यानं धरली पिल्लू धरल्यावानी, बार उडाला, आन् गडी धक्क्यानं उताणा झुडपात.

दिवाळीला आल्ता चार दिस. खांदा काळानिळा. दारात पाय वाजला, काकूनं विचारलं, ‘कोण हाय?’... पावलाचा आवाज इसरली होती म्हातारी. मंग तोंडावरून हात फिरवून फिरवून वळखला. म्या त्याला बाजूला घेतलं, म्हणलं, ‘बाबा, रुमणं धरायचास ना, तशी धर की रे बंदूक, घट्ट!’

पुंजारामनं आपल्या हाताकडं बघितलं आन् म्हणला, ‘दादा, होतं तेवढं समदं सुटलं. आता घट्ट धरू तरी काय?’