पाटी पुसता येत नव्हती

नाही, नाव मी सांगणारच नाही! काय वाट्टेल ते होवो. तुम्ही हसताय, पण मी आत्ता इथे उभ्या उभ्या माझं नाव घेतलं ना, तर या खोलीतले निदान चार जण ‘ओ’ देतील, पाचवा बाहेर पान थुंकायला गेलेला असेल तो धावत आत येईल, आणि मागच्या खुर्चीवरच्या बाई म्हणतील, अय्या, आमच्या ह्यांचंही हेच! म्हणून म्हणतो, नकोच. इतकं साधं, इतकं सार्वजनिक नाव आहे माझं, की ते माझं आहे असं म्हणायलासुद्धा संकोच वाटतो... आणि तरी त्या नावापायी गेले चार दिवस माझ्या जिवाला जो घोर लागला, तो... यात माझं काय चुकलं, ते तुम्हीच सांगा!

मी लोखंडी कपाटांच्या कारखान्यात आहे. कुलूपखात्यात. तिथे या नावाचे आम्ही पाच. लांब्या, चष्म्या, रंगखात्यातला, जावई – म्हणजे मालकांचे, म्हणून त्याला समोर ‘साहेब’ – आणि मी, किल्ली. एकदा पाहुण्या इंजिनिअरने फाटकातून नावाने हाक मारली. पाचही जण वळलो! त्यातला रंगखात्यातला हातातल्या चालू फवाऱ्यासकट वळला. मुकादमाची पाठ कॉलरपासून कमरेपर्यंत करडी. मुकादम ओरडला, ‘कुणी केलं हे?’ सगळ्यांनी एका सुरात नाव सांगितलं. झालं, पाचांनाही तंबी! मी त्या वेळी डबा खात होतो हो. यात माझं काय चुकलं?

बरं, बाहेर तर बाहेर. घरी काय? घरी तर कहरच. आमच्या घरात थोरल्या मुलाला हेच नाव. पणजोबांचं तेच, आजोबांचं तेच, वडिलांचं तेच, माझं तेच, माझ्या मुलाचं तेच. नाव एक आणि माणसं अनेक, म्हणून आमच्याकडे हुद्दे आहेत. थोरले, मधले, धाकटे. तीनच जागा. वरचा गेला की खालचे एकेक पायरी वर सरकायचे. कारखान्यात बढती मिळाली की लोक हात मिळवतात. आमच्या घरी बढती मिळाली की लोक खांद्यावर हात ठेवून ‘सावरा’ म्हणतात.

आठ महिन्यांपूर्वी वडील गेले. मी थोरले झालो.

तिसऱ्या दिवशी नळवाला आला. दारातून म्हणाला, ‘थोरले आहेत का?’ मी म्हटलं, ‘थांबा, बोलावतो.’ आणि आतल्या खोलीत गेलो. पलंगावरची गादी गुंडाळून ठेवलेली. खिडकीत त्यांचा चष्मा. मी चष्मा पुसला, परत ठेवला, बाहेर आलो आणि नळवाल्याला म्हटलं, ‘मीच. बोला.’

असो. तर मुद्दा काय, की मुलगा सरकून मधले झाला आणि धाकट्याची जागा रिकामी पडली. आणि गेल्या आठवड्यात नातू झाला! आता मी मनात काय म्हटलं असेल? कुणीही काय म्हणेल? मी दवाखान्यात बाळाच्या दुपट्यात डोकावून म्हटलं, ‘या, धाकटे!’ तर मुलाने सुनेकडे पाहिलं. सुनेने मुलाकडे पाहिलं. नवरा-बायको असं एकमेकांकडे बघायला लागले ना, की तिसऱ्याने ओळखावं, आपल्याबद्दल आधीच बोलणं झालेलं आहे.

मुलगा म्हणाला, ‘बाबा, आम्ही जरा वेगळं नाव ठरवतोय.’

वेगळं! ‘शाळेत आम्ही सात जण होतो बाबा, सात! मला बाई हजेरीत “चौथा” म्हणायच्या. बँकेत माझं पत्र अजून कुणा दुसऱ्यालाच जातं. त्याला तरी सोडा ना.’

मी नुसता दुपटं नीट करत बसलो. पण थोबाड लपतं का? सुनेला दया आली. सून आमची रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत आहे. प्रेमळ आहे, पण पुराव्याशिवाय तिचं पान हलत नाही. म्हणाली, ‘बाबा, माझा काही हट्ट नाही. फक्त मला या नावाचा अर्थ सांगा. कुठून आलं, काय त्याची गोष्ट? उद्या हा मोठा होऊन विचारेल तेव्हा मी काय सांगू? सगळ्यांचं असतं म्हणून? शुक्रवारी दुपारी एकपर्यंत नोंदणीचा अर्ज द्यायचाय. तोवर पटण्यासारखं काही सापडलं, तर हेच ठेवू.’

आता बघा, त्रेपन्न वर्षं मी हे नाव अंगावर घालून हिंडतोय, पण कधी उलटं करून आतली शिवण बघितली नव्हती! अर्थ काय? मला काय ठाऊक! मी ‘हो हो, मोठा इतिहास आहे त्याला’ म्हणून मोकळा झालो आणि तडक जिना उतरलो. वडील असते तर त्यांना विचारलं असतं. पण वडील असते तर प्रश्नच आला नसता... त्यांचं नाव घरातून पुसलं जाऊ नये, एवढंच होतं हो माझ्या मनात. त्यांनी कधी तोंडाने मागितलं नाही, पण त्यांनी कधी काहीच मागितलं नाही.

मंगळवारी वाचनालयात गेलो. ग्रंथपाल बाईंनी उशीएवढा जाड नामकोश टेबलावर आपटला. धूळ उडाली, मी शिंकलो, कोपऱ्यातल्या गृहस्थाने ‘श्शू’ केलं. आपलं नाव सापडलं. पुढे काय लिहिलेलं? ‘उगम अनिश्चित.’ संपलं! मग पावणेदोन पानं नुसती रूपं. डोंगरापलीकडे शेवटचं अक्षर गिळतात. किनाऱ्यावरचे मधलं अक्षर असं लांबवतात, की हाक संपेपर्यंत माणूस घरी पोचावा. बेटांवर सुरुवातीला एक जादा स्वर लावतात, कारण त्याशिवाय त्यांचं तोंडच उघडत नाही. आणि एका मुलखात तर चक्क बाईचं नाव आहे! मी म्हटलं, ‘बाई, कुणी मोठा माणूस झालाय का या नावाचा?’ बाईंनी पान उलटलं. ‘झालेत की. चार राजे झालेत.’ माझी छाती फुगली. ‘पहिला लढाई हरला. दुसरा लढाईला पोचलाच नाही, वाटेत आजारी पडला. तिसऱ्याने अकरा दिवस राज्य केलं. चौथ्याला मात्र लोक “सज्जन” म्हणत.’ ‘वा! का बरं?’ ‘तो पाळण्यातच वारला.’

आता हे मी बाळंतिणीला जाऊन सांगू? यात माझं काय चुकलं?

बुधवारी आमच्या जुन्या भाषेच्या मास्तरांकडे. वय नव्वद, पण आवाज तोच, छडीसारखा. ‘ये रे! कुठला तू? तुमच्या तुकडीत या नावाचे तीन होते, त्यातला हुशार, मठ्ठ का रडका?’ मी म्हटलं, ‘सर, रडका.’ त्यांनी डोळे मिटले, दहा मिनिटं मूळ धातू खणून काढला आणि म्हणाले, ‘अर्थ स्पष्ट आहे. मेंढ्या राखणारा.’ मला बरं वाटलं. राखणारा म्हणजे कसं, जबाबदार! सून मान डोलावेल. चपला घालत होतो तेवढ्यात आतून आवाज आला, ‘मात्र काही पंडितांच्या मते नुसतीच मेंढी.’

गुरुवारी अर्धी रजा टाकायच्या आधी कारखान्यात विचारलं. चष्म्या म्हणाला, ‘अरे, हा एक तारा आहे, पहाटे दिसतो.’ लांब्या म्हणाला, ‘छट्, योद्धा! माझी आजी सांगायची.’ जावईसाहेब म्हणाले, ‘याचा अर्थ, ज्याला यायला उशीर झाला तो,’ आणि माझ्याकडे बघून घड्याळाकडे बघितलं. रंगखात्यातला म्हणाला, ‘मला विचारू नका, मी नाव बदलायचा अर्ज दिलाय.’

उरली कोण? आत्या! वडिलांची थोरली बहीण, चौऱ्याऐंशी पूर्ण. जिना चढून गेलो, धापा टाकत म्हटलं, ‘आत्या, आपल्या घरात हे नाव आलं कुठून? कुणी पराक्रमी पूर्वज होता का?’

आत्या शेंगा सोलत होती. हसायलाच लागली. ‘पराक्रमी? अरे, तुझ्या पणजोबांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी हौसेने स्वतःच्या नावाची पाटी करून घेतली. पत्र्याची, भट्टीत भाजलेली, निळ्यावर पांढरी अक्षरं. सात जन्म टिकेल अशी. मग मुलगा झाला. दुकान पुढे त्याचंच होणार, तर पाटीवर त्याचं नाव नको? पण भाजलेली अक्षरं पुसणार कशी? पाटी पुसता येत नव्हती, पोराचं नाव ठेवता येत होतं. ठेवलं तेच!’

‘आणि पुढे?’

‘पुढे काय, सवय. दुकान तुझ्या आजोबांनीच बंद केलं. पाटी गच्चीवरच्या टाकीवर झाकण म्हणून होती कितीतरी वर्षं.’

मी मटकन खाली बसलो. चार राजे, मेंढ्या, पहाटेचा तारा... आणि मूळ काय, तर टाकीचं झाकण! म्हटलं, जाऊ दे. मूळ कसं का असेना, वडिलांनी तरी ते मानलं, मला दिलं. तसं मी आत्याला बोलून दाखवलं. तर तिचा हात थांबला.

‘तुझ्या बापाला कुठे ठेवायचं होतं ते?’ ती म्हणाली. ‘त्याने तुझ्यासाठी दुसरंच काढलं होतं. तू व्हायच्या आधी दोन महिने. तू झाल्यावर कुणी आसपास नाही असं बघून पाळण्यावर वाकायचा आणि हळूच म्हणायचा. मी दारामागून ऐकलंय. मग एके दिवशी आजोबा नुसते खाकरले. एकदाच. बास.’

‘मग?’

‘मग गप्प बसला. त्याचा स्वभावच तो.’

‘आत्या,’ मी म्हटलं, ‘कोणतं होतं ते नाव?’

तिने वर पाहिलं. छताकडे, खिडकीकडे, शेंगांकडे. ‘तेच आठवत नाहीये रे.’

आठवत नाही! मी तीन वर्षांचा असताना कुणाच्या लग्नात कुणाच्या साडीवर ओकलो, त्या साडीच्या काठाचा रंग या बाईला आठवतो! मुंजीच्या वयात मी कोणत्या पायरीवरून पडलो, ती पायरी आठवते! आणि हे... ‘दोन अक्षरी होतं का तीन?’ म्हटलं. ‘गोड होतं,’ म्हणाली.

बसमध्ये बसलो आणि एक गोष्ट लक्षात आली. वडिलांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. ‘ऐक रे’ म्हणायचे. ‘हे बघ’ म्हणायचे. दवाखान्यात शेवटी शेवटीसुद्धा ‘ऐक रे’च. मला वाटायचं, एकाच नावाची माणसं, घोटाळा नको म्हणून असेल.

रात्रभर... ते राहू द्या. शुक्रवारी सकाळी माझं पक्कं झालं. पोरांना सांगायचं, बाबांनो, तुम्हाला हवं ते ठेवा. मी खाकरणारा नाही. मुलाला फोन लावला, उचलेना. सुनेला लावला, लागेना. त्यांच्या घरी गेलो तर कुलूप. शेजारीण म्हणाली, ‘नोंदणी कचेरीत गेले, तिघंही.’ मी धावलो. या वयात, या गुडघ्यांनी! पोचलो तर तिघं पायऱ्यांवर उभे. बाळ खांद्यावर झोपलेलं, आणि मुलाच्या हातात पावती.

मुलगा म्हणाला, ‘बाबा, दिलं तेच नाव.’

मी म्हटलं, ‘कोणतं तेच?’

‘आपलं! आजोबांचं!’

सून म्हणाली, ‘बाबा, अर्थ राहू दे. वाचनालयातल्या बाई माझ्या ओळखीच्या आहेत, त्यांनी सांगितलं, कारखान्यातूनही कानावर आलं. ज्या नावासाठी माणूस चार दिवस असा वणवण फिरतो, त्याला आणखी अर्थ कशाला हवा?’

आणि मुलाचे डोळे भरलेले. त्याने म्हणे रात्री बसून ठरवलं, बाबांसाठी एवढं तरी करायचं. आता मी काय बोलू? ‘अरे गाढवा, कुणी सांगितलं होतं’ असं म्हणू? मी म्हटलं, ‘छान केलंत.’ दोनदा म्हटलं. मग चष्मा आत राहिला असं खोटंच सांगून खिडकीशी गेलो. चष्मा नाकावर होता, आणि आत मी गेलोही नव्हतो, पण त्या आनंदात कुणाच्या लक्षात आलं नाही.

खिडकीतल्या कारकुनाला हळूच म्हटलं, ‘साहेब, आत्ता जी नोंद झाली, ती जरा थांबवता येईल का? दुसरं नाव घालायचंय. त्यांनी आधी ठरवलेलं.’

‘कोण म्हणतं?’

‘मी. आजोबा.’

‘आई-बापांच्या सह्या झाल्या, शिक्का बसला. आजोबांची हरकत असा रकाना नाही आमच्याकडे.’

‘शाई ओली असेल अजून...’

त्याने वहीत बघितलं. नोंद वाचली. मग माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी तान्ह्या पोराचं दूधच तोडायला आलोय. ‘हे नाव बदलायचंय? हे?’ खुर्ची पुढे ओढली, मागच्या रांगेला हाताने ‘थांबा’ केलं आणि आवाज उतरवून म्हणाला, ‘काका, माझंही हेच आहे. इतकं थोर नाव, आणि तुम्हाला त्याची किंमत नाही? तुम्हाला ठाऊक तरी आहे का, हे मुळात आलं कुठून? या, आतून या. बसा. पहिल्यापासून सांगतो.’

काय करणार... बसलो.